शालेय नेत्रतपासणी : चष्मा वाटपानंतरचे काम

वर्गातील शेवटच्या बाकावर बसणारा एखादा विद्यार्थी फळ्यावरील गणित वहीत उतरवून घेताना प्रत्येक वेळी एखादा अंक चुकवतो. शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो म्हणून त्याला बोलणी बसतात. तोंडी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तो बरोबर देतो, पण लेखी परीक्षेत मागे पडतो. घरी आईवडील म्हणतात, याचे अभ्यासात लक्ष नाही. शिक्षक म्हणतात, मुलगा मठ्ठ नाही, पण आळशी आहे. आपल्याला कमी दिसते हे मात्र त्या विद्यार्थ्यास स्वतःलाही ठाऊक नसते. कारण दृष्टी हळूहळू मंदावत गेलेली असते आणि इतरांना किती दिसते हे कळण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. जग सर्वांना असेच धूसर दिसत असावे, अशीच त्याची समजूत असते.

अशा मुलांना शोधून काढण्यासाठी शालेय नेत्रतपासणी केली जाते. तपासणी होते, नंबर काढला जातो, एखाद्या समारंभात चष्मे वाटले जातात आणि वाटलेल्या चष्म्यांची संख्या अहवालात नोंदवली जाते. कार्यक्रम येथे संपला असे सर्वसाधारणपणे मानण्यात येते. वस्तुतः त्याचा सर्वांत अवघड भाग येथूनच सुरू होतो. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शाळांत, विनामूल्य चष्मे दिल्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,०१८ विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी अवघे ३०० विद्यार्थी, म्हणजे २९.५ टक्के, चष्मा वापरत असल्याचे आढळून आले. दहांतील सात मुलांच्या बाबतीत तपासणीवर व चष्म्यावर झालेला खर्च आणि श्रम फळास आले नव्हते. असे का घडते आणि ते टाळण्यासाठी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांना काय करता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

बदललेले चित्र

एक काळ असा होता की गरीब देशांतील मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न म्हणजे मुख्यतः अंधत्वाचा प्रश्न होता. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येई, पुढे बुबुळ मऊ पडून फुटे. खुपरीने पापण्या आत वळत आणि केसांच्या घर्षणाने बुबुळावर फूल पडे. गोवराच्या साथीनंतर कित्येक मुलांची दृष्टी जाई. या संकटांविरुद्ध भारताने दीर्घकाळ झुंज दिली. खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू झाला. लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देण्याची योजना १९७० मध्ये अमलात आली. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून राबविण्यात येऊ लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे भारतातून उच्चाटन झाल्याचे प्रमाणित केले. हे यश लहान नव्हे.

हे जुने शत्रू मागे हटत असताना दुसरा, अधिक शांत असा प्रश्न पुढे आला आहे. तो म्हणजे चष्म्याने सहज दूर होऊ शकणारा, पण दूर न झालेला दृष्टिदोष. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना कोणता ना कोणता दृष्टिदोष आहे आणि त्यांतील किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपाय झालेला नाही. जुलै २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सर्वांसाठी दृष्टी या विषयावर ठराव संमत केला. चष्म्याची गरज असलेल्या प्रत्येकास योग्य चष्मा मिळावा या उद्देशाने जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२४ मध्ये २०३० सालापर्यंतचा एक विशेष उपक्रमही जाहीर केला. जगाच्या व्यासपीठावरील या संकल्पाची खरी कसोटी मात्र खेड्यातील शाळेच्या व्हरांड्यातच लागणार आहे.

दोष कशाचा?

डोळ्यात येणारे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्यावर, अचूक एकत्र आले तर प्रतिमा स्पष्ट उमटते. डोळ्याचा गोल किंचित लांबट झाला तर ते पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. अशा वेळी जवळचे दिसते, पण फळ्यावरचे दिसत नाही. ही निकटदृष्टिता होय. डोळ्याचा गोल आखूड असेल तर किरण पडद्याच्या पलीकडे एकत्र येऊ पाहतात. ही दूरदृष्टिता. तीत मुलाला जवळचे वाचताना ताण पडतो, डोके दुखते आणि त्याचा वाचनाकडील ओढा कमी होतो. बुबुळाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसेल तर अक्षरे वेडीवाकडी किंवा पसरट दिसतात. हे तिन्ही दोष रोग नव्हेत. त्यांवर चष्मा हा साधा, स्वस्त व तत्काळ गुण देणारा उपाय आहे.

निकटदृष्टिता बहुधा शालेय वयातच सुरू होते आणि वाढत्या वयाबरोबर वाढते. त्यामुळे पाचवीत निर्दोष ठरलेले मूल सातवीत सदोष ठरू शकते. एकदा तपासले म्हणजे झाले, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. जुना चष्माही वाढत्या वयात अपुरा पडतो. त्याचा नंबर दरवर्षी पडताळून पाहावा लागतो.

दोन पाहण्यांनी सांगितलेली गोष्ट

२००२ मध्ये भारतातील दोन पाहण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक पाहणी दिल्लीच्या नागरी वस्तीतील ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांची होती. दुसरी, त्या वेळी आंध्र प्रदेशात असलेल्या व आता तेलंगणात असलेल्या महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील ७ ते १५ वर्षांच्या मुलांची होती. दोन्ही ठिकाणी प्रत्येक मुलाची दृष्टी तीन प्रकारे मोजण्यात आली : चष्म्याशिवाय, मूल ज्या स्थितीत आले त्या स्थितीत (चष्मा असल्यास चष्म्यासह), आणि योग्य नंबरची भिंगे लावून.

दिल्लीत चांगल्या डोळ्यानेही कमी दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण चष्म्याशिवाय ६.४ टक्के होते. मुले ज्या स्थितीत आली त्या स्थितीत ते ४.९ टक्के भरले आणि योग्य भिंगे लावल्यावर ०.८१ टक्क्यावर उतरले. महबूबनगरमध्ये हेच आकडे अनुक्रमे २.७, २.६ आणि ०.७८ टक्के असे होते.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ग्रामीण भागात दृष्टिदोषाचे प्रमाण शहराच्या निम्म्याहूनही कमी होते. परंतु २.७ आणि २.६ यांत जेमतेम अंतर आहे. ज्यांना चष्म्याची गरज होती त्यांपैकी जवळजवळ कोणाच्याही डोळ्यांवर तो नव्हता, असाच त्याचा अर्थ होतो. दिल्लीतील स्थिती किंचित बरी होती, तरी तेथेही बहुसंख्य मुले चष्म्यावाचूनच होती. याउलट योग्य भिंगे लावताच दोन्हीकडे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. उपाय ठाऊक होता, तो सोपा होता, त्याचा गुणही निश्चित होता. तो मुलापर्यंत पोहोचला नव्हता, एवढेच.

चष्मा पोहोचल्याने अभ्यासात फरक पडतो का, या प्रश्नाचे उत्तर चीनच्या ग्रामीण भागातून मिळाले आहे. गान्सू व शान्क्सी या प्रांतांतील सुमारे अडीचशे प्राथमिक शाळांत चौथी व पाचवीच्या दृष्टिदोष असलेल्या मुलांवर एक तुलनात्मक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत विनामूल्य चष्मे देण्यात आले तेथील मुलांची गणितातील प्रगती, चष्मे न मिळालेल्या शाळांतील तशाच मुलांपेक्षा वर्षअखेरीस स्पष्टपणे अधिक आढळली. विशेष म्हणजे ज्यांना चष्मा मिळाला त्या सर्वांनीच तो नियमित वापरला होता असे नाही. तरीही गटाची सरासरी उंचावली. नियमित वापर झाला असता तर लाभ किती वाढला असता, याची कल्पना त्यावरून करता येईल.

तपासणीची रीत

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय नेत्रतपासणीचा समावेश १९९४ पासून झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाची फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. दृष्टिदोष हा त्या तपासणीचा एक भाग आहे. तथापि पथक वर्षातून एकच दिवस शाळेत येते, शिक्षक मात्र रोज तेथे असतो. म्हणून प्राथमिक चाळणीच्या कामात शिक्षकाचे स्थान पहिले आहे. नंबर काढणे हे त्याचे काम नव्हे. ज्यांना पुढे पाठविले पाहिजे अशी मुले वेगळी काढणे, एवढेच त्याने करावयाचे असते.

त्यासाठी लागणारे साहित्य थोडे आहे. इंग्रजी 'ई' हे अक्षर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेला तक्ता, सहा मीटर मोजलेली मोकळी जागा आणि पुरेसा उजेड. तक्ता मुलाच्या नजरेच्या पातळीवर लावावा. प्रकाश तक्त्यावर पडावा, मुलाच्या डोळ्यांवर नव्हे. अक्षराचे दात ज्या दिशेला असतील ती दिशा मुलाने हाताने दाखवावयाची असते. अक्षरओळख नसलेले मूलही त्यामुळे तपासता येते. एका वेळी एकच डोळा तपासावा. दुसरा डोळा तळहाताने झाकावा. बोटांनी झाकल्यास फटींतून दिसते आणि डोळा दाबला गेल्यास तो उघडल्यावर काही वेळ धूसर दिसते. ज्या मुलाकडे चष्मा आहे त्याची दृष्टी चष्मा लावूनच पाहावी. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना तक्ता दिसू देऊ नये, अन्यथा ती दिशा पाठ करून ठेवतात. आपण नापास होऊ या भीतीने चांगले विद्यार्थीही असे करतात. ही परीक्षा नाही, हे प्रारंभीच सर्वांना समजावून सांगावे.

तक्त्यावरील ओळींना ६/६, ६/९, ६/१२ असे अंक असतात. निर्दोष डोळ्यास जी ओळ १२ मीटरवरून वाचता येते, ती वाचण्यासाठी ज्या मुलास ६ मीटरवर यावे लागते त्याची दृष्टी ६/१२ असे म्हणतात. कार्यक्रमात ठरवून दिलेली ओळ कोणत्याही एका डोळ्याने वाचता न आल्यास मुलाचे नाव पुढील तपासणीसाठी नोंदवावे. ओळ वाचता आली, पण वाचताना डोके दुखते अशी तक्रार असेल, डोळा तिरळा दिसत असेल, बाहुलीत पांढरेपणा असेल, डोळा वारंवार लाल होत असेल किंवा संध्याकाळनंतर मूल ठेचाळत असेल, तर तेही नाव नोंदवावे. मुलांचा नंबर काढताना पुष्कळदा बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. मुलांच्या डोळ्यांची जवळचे पाहण्यासाठी जुळवून घेण्याची शक्ती मोठी असल्याने थेंबांवाचून काढलेला नंबर चुकू शकतो. हे काम प्रशिक्षित नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचे किंवा नेत्रतज्ज्ञाचेच आहे.

एका दोषाच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. एका डोळ्याचा नंबर फार अधिक असेल किंवा डोळा तिरळा असेल तर मेंदू त्या डोळ्याच्या अस्पष्ट प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा मंद होत जातो. दुसऱ्या डोळ्याने सर्व व्यवहार चालत असल्याने घरी कोणाच्याही ते ध्यानात येत नाही. साधारणपणे सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर अशा डोळ्याची दृष्टी बऱ्याच अंशी परत मिळू शकते. पुढे ते कठीण होत जाते. म्हणून अंगणवाडी व पहिलीच्या वर्गातील तपासणी कधीही टाळू नये.

पुणे जिल्ह्याचा धडा

आता पुन्हा पुणे जिल्ह्यातील त्या १,०१८ विद्यार्थ्यांकडे वळू. चष्मा न लावलेल्या ७१८ विद्यार्थ्यांपैकी ४९२ जणांनी चष्मा घरी असल्याचे सांगितले. २११ जणांकडे चष्माच नव्हता. म्हणजे चष्मा न वापरणाऱ्यांत दोन वेगळे वर्ग होते आणि दोहोंचा उपायही वेगळा होता. ज्याच्याकडे चष्माच नाही त्याला तो पुन्हा मिळण्याची सोय हवी. ज्याचा चष्मा घरी फडताळात पडून आहे त्याच्या मनातील व घरातील अडचण दूर व्हावयास हवी.

या अभ्यासातून आणखी काही गोष्टी पुढे आल्या. ज्यांचा दोष अधिक होता त्यांनी चष्मा अधिक वापरला. निकटदृष्टिता आढळलेल्या ४९९ विद्यार्थ्यांपैकी २२०, म्हणजे ४४ टक्के, चष्मा लावत होते. वडिलांचे शिक्षण अधिक असलेल्या घरांत वापर अधिक होता. मुलांपेक्षा मुलींनी चष्मा अधिक वापरला. ही शेवटची बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. चष्मा लागला तर मुलीचे लग्न जमणे अवघड होईल, या भीतीने अनेक घरांत मुलीचा दोष झाकला जातो. परंतु संधी मिळाली तर मुलगी चष्म्याचा उपयोग करून घेते, असेच या पाहणीवरून दिसते.

पुणे जिल्ह्यातील हा अनुभव अपवादात्मक नाही. मेक्सिकोतील ओआहाका या गरीब प्रांतात विनामूल्य चष्मे दिलेल्या ४९३ मुलांची पूर्वसूचना न देता पाहणी केली असता केवळ १३.४ टक्के मुलांच्या डोळ्यांवर चष्मा होता. आणखी ३४ टक्के मुलांनी तो शाळेत आणलेला होता, पण लावलेला नव्हता. ही पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दप्तरात चष्मा ठेवून फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणारे मूल कशाला भीत असते? बहुधा सोबत्यांच्या चेष्टेला. 'ढापण्या' हा एक शब्द शासनाच्या शेकडो रुपयांच्या खर्चावर पाणी फिरवू शकतो.

कोणते उपाय उपयोगी ठरले?

टांझानियातील दार-ए-सलाम येथील माध्यमिक शाळांत करण्यात आलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. काही विद्यार्थ्यांना चष्मा विनामूल्य दिला आणि काहींना केवळ नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. तीन महिन्यांनी पाहता, विनामूल्य चष्मा मिळालेल्यांत ४७ टक्के, तर चिठ्ठी मिळालेल्यांत २६ टक्के विद्यार्थी चष्मा वापरत होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून दोन गोष्टी कळतात. हातात चिठ्ठी देऊन मुलाला घरी पाठविणे म्हणजे उपचार नव्हे. आणि विनामूल्य चष्मा दिला तरी निम्मे काम शिल्लकच राहते.

बेंगळुरू परिसरातील ११ ते १५ वर्षांच्या ४६० विद्यार्थ्यांच्या अभ्यासात मात्र चित्र बरेच आशादायक दिसले. चष्म्याने चांगल्या डोळ्याला तक्त्यावरील किमान दोन ओळी अधिक वाचता येत असतील, अशाच मुलांना तेथे चष्मा देण्यात आला. तीन-चार महिन्यांनी जी मुले भेटू शकली त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले चष्मा वापरत होती. ज्याला चष्म्याने खरोखर स्पष्ट फरक जाणवतो, ते मूल तो आपणहून लावते. अगदी किरकोळ नंबरचे चष्मे सरसकट वाटल्याने संख्या फुगते, पण वापर घटतो. चष्मा न लावणाऱ्या मुलांकडे पाहून लावणारीही तो काढून ठेवतात.

याच अभ्यासात आणखी एक प्रश्न तपासला गेला. दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा असलेल्या मुलांना तयार भिंगांचा चष्मा तेथल्या तेथे देता येतो. त्याचा वापर, प्रत्येकासाठी स्वतंत्र बनवून घेतलेल्या चष्म्याइतकाच होतो का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तयार चष्म्यांच्या गटात ७५.५ टक्के व स्वतंत्र बनविलेल्यांच्या गटात ७३.८ टक्के मुले चष्मा वापरत होती. व्यवहारात दोन्ही सारखेच. सुमारे ८६ टक्के मुले तयार चष्म्यास पात्र होती. ज्या आदिवासी किंवा दुर्गम भागात चष्मा बनून येण्यास दोन-दोन महिने लागतात, तेथे या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. अर्थात दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असलेल्या मुलांना स्वतंत्र चष्माच द्यावा लागतो.

हैदराबाद येथील नंतरच्या एका प्रयोगाने थोडे सावधही केले आहे. तेथे एका गटातील मुलांच्या पालकांना चित्रमय माहिती व भ्रमणध्वनीवरून संदेश देण्यात आले. तरीही त्या गटात आणि असे काही न केलेल्या गटात चष्म्याच्या वापरात फरक आढळला नाही. दोन्हीकडे तो निम्म्याहून थोडाच अधिक होता. केवळ संदेश पाठविल्याने सवय लागत नाही, असाच याचा बोध घ्यावा लागेल. रोज समोर असणाऱ्या माणसाचे काम यंत्राकडून होत नसते.

कामाची वाटणी

या अनुभवांच्या आधारे गावपातळीवर काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत.

शिक्षकाने शाळेत एक नेत्रनोंदवही ठेवावी. विद्यार्थ्याचे नाव, तपासणीची तारीख, दोन्ही डोळ्यांची दृष्टी, पुढे पाठविल्याची तारीख, चष्मा मिळाल्याची तारीख, आणि एक, तीन व सहा महिन्यांनी चष्मा वापरात आहे किंवा नाही, एवढे रकाने पुरेत. शेवटचे तीन रकाने सर्वांत महत्त्वाचे होत. हजेरी घेतानाच चष्म्याकडे नजर टाकण्याची सवय ठेवली तर वेगळा वेळ द्यावा लागत नाही. चष्मा लावणाऱ्या मुलास पहिले काही दिवस चेष्टेपासून जपावे. चौकट निवडताना मुलाची आवड विचारावी. नावडती चौकट पहिल्याच आठवड्यात दप्तरात जाते. ज्या शिक्षकांना स्वतःला चष्मा आहे त्यांचे उदाहरण तर वर्गासमोर रोज असतेच. भिंगे स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावीत, चष्मा भिंगांवर पालथा ठेवू नये, या साध्या गोष्टी मुलांना प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.

आणखी एक गोष्ट शाळेच्या हातात आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक वेळ वर्गाबाहेर उघड्यावर घालविण्याची व्यवस्था केली गेली. तीन वर्षांनी त्या शाळांतील ३०.४ टक्के, तर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना निकटदृष्टिता जडल्याचे दिसून आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ सरळ आहे. अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी खेळाचा तास रद्द करणे हे डोळ्यांच्या दृष्टीनेही नुकसानीचे आहे.

ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांचे काम चष्मा मोडला किंवा हरवला त्या दिवसापासून सुरू होते. मुलाचा चष्मा मोडणारच, हे गृहीत धरले पाहिजे. एक दांडी तुटली म्हणून तालुक्याच्या गावी जावयाचे तर मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, आणि ते काम पुढच्या बाजारावर, मग सुगीनंतरवर जाते. तोवर वर्ष संपते. म्हणून दुरुस्तीसाठी थोडी रक्कम राखून ठेवणे, सर्व मोडके चष्मे एकत्र करून एकाच फेरीत दुरुस्त करून आणणे आणि हरवलेल्या चष्म्याबद्दल मुलास शिक्षा न करता नवा मागविणे, ही कामे गावाने अंगावर घ्यावीत. ग्रामसभेत चष्म्याविषयीचे गैरसमजही दूर करता येतील. चष्म्याने डोळे अधिक बिघडतात, एकदा लागला की सुटत नाही, हे समज खरे नाहीत. चष्मा नंबर वाढवीत नाही. वाढत्या वयात नंबर वाढत असतो आणि चष्मा केवळ स्पष्ट दाखवितो. डोळ्यात मध, दूध किंवा झाडपाल्याचा रस घालू नये. काटा, विटी किंवा फटाका लागून डोळ्यास इजा झाली तर घरगुती उपचारात वेळ न दवडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हेही गावात सर्वांना ठाऊक असावे.

अधिकाऱ्यांनी कार्यक्रमाचे माप बदलणे निकडीचे आहे. किती मुले तपासली व किती चष्मे वाटले, हे आकडे खर्चाचा हिशेब देतात, फळाचा नव्हे. सहा महिन्यांनी किती मुलांच्या डोळ्यांवर चष्मा आहे, हा आकडा अहवालात आला पाहिजे. काही निवडक शाळांत पूर्वसूचना न देता जाऊन तो पडताळता येईल. सूचना देऊन गेल्यास त्या दिवशी सर्वांचे चष्मे नाकावर असतातच. तपासणी शालेय वर्षाच्या प्रारंभी व्हावी, म्हणजे चष्म्याचा लाभ त्याच वर्षी मिळेल. पुढे पाठविलेली मुले रुग्णालयापर्यंत खरोखर पोहोचली का, हेही पाहिले पाहिजे. पालकांवर सोडल्यास त्यांतील अनेक वाटेतच गळतात. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवशी केंद्रशाळेत येऊन आसपासच्या शाळांतील मुलांची तपासणी केल्यास ही गळती पुष्कळ कमी होईल. आणि ज्या मुलाची दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही त्याला मोठ्या अक्षरांची पुस्तके, पुढच्या बाकावरील जागा व आवश्यक ते शैक्षणिक साहाय्य मिळाले पाहिजे. त्याचे नाव केवळ नोंदवहीत राहू नये.

समारोप

दृष्टिदोष असलेल्या मुलास चष्मा देण्याइतकी स्वस्त व तत्काळ फळ देणारी उपाययोजना आरोग्याच्या क्षेत्रात क्वचितच आढळेल. तरीही ती वाया जाते, कारण चष्मा ही एकदा देऊन संपणारी वस्तू आहे असे आपण समजतो. पाटी-पुस्तक मुलाच्या हाती दिल्याने शिक्षण पुरे होत नाही, तसेच चष्म्याचेही आहे. तो रोज लावला जावा, मोडला तर दुरुस्त व्हावा, लहान पडला तर बदलला जावा, यासाठी मुलाच्या आजूबाजूची चार माणसे जागी असावी लागतात. शेवटच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला फळ्यावरचा अंक प्रथमच स्पष्ट दिसतो, तेव्हा आपण मठ्ठ नव्हतो हे त्यालाही कळते आणि इतरांनाही. तो अंक त्याला पुढच्या वर्षीही तसाच दिसत आहे का, हे पाहणे शाळेचे आणि गावाचे काम आहे.